परातीवरचं नाव

मी संशयी बाई आहे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. दूधवाला दारात आला की मी पातेल्यात बोट बुडवून दूध बोटावर थांबतंय का बघते. रिक्षावाला दोनदा डावीकडं वळला, की तिसऱ्यांदा वळायच्या आत विचारते, "पावणं, कुठं निघालाय?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की घरी येऊन पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचते. नवरा म्हणतो, "पोलिसात जायचं सोडून मराठीची बाई कशाला झालीस?" आता काय सांगायचं त्याला! तीस वर्षं हायस्कुलात पोरींच्या वह्या तपासल्या की माणूस असाच होतो. कोण कुणाचं बघून लिहितंय, हे मला दोन ओळींत कळायचं.

निवृत्त झाल्यावर वर्षभर घरात बसले आणि घरच्यांना नकोशी झाले. अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर तिनं ऑफिस थाटलं होतं. "मॅडम, मराठी नीट येणारी माणसं पाहिजेत. कॉम्प्युटर वाचायला शिकतोय. त्याची वही तपासायची आहे."

"कुणाचा कॉम्प्युटर? कशाला शिकतोय?" मी विचारलं.

ती हसली. "मॅडम, तुम्ही बदलला नाही बघा."

काम असं होतं. कुठंतरी लांब एक यंत्र बसलेलं. ते इंटरनेटवरची मराठी पानं वाचायचं, दिवसरात्र, न दमता, आणि वाचलेल्यातून माहिती वेचून एकेक वाक्य करायचं. ती वाक्यं आमच्या पडद्यावर यायची. खाली तीन बटणं: बरोबर, चूक, सांगता येत नाही. आम्ही सहा जण सकाळी दहापासून वाक्यं वाचायची आणि बटणं दाबायची. आम्ही तपासलेलं पुन्हा त्या यंत्राकडं जायचं आणि त्यावरून ते म्हणे आणखी शहाणं व्हायचं, आणि मोबाईलला कुणी काही विचारलं की उत्तरं तेच पुरवायचं.

पहिल्याच दिवशी माझ्यासमोर वाक्य आलं: 'कुस्ती हा कोल्हापुरात मिळणारा खाद्यपदार्थ आहे.' मी मोठ्यानं हसले, बाकीचे पाच जण उठून बघायला आले. कुणीतरी कुठंतरी लिहिलं होतं की कोल्हापूरला गेलात तर कुस्ती, मिसळ आणि तांबडा रस्सा चुकवू नका. यंत्रानं तिघांना एकाच ताटात वाढलं होतं. मी 'चूक' दाबलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, तू आमच्या सातवी 'ब'मध्ये शोभला असतास.

पण हसणं चारच दिवस टिकलं. पुढं माझ्या लक्षात यायला लागलं की याच्या चुका कमी होत चालल्यात आणि मला अजून हा कळत नाही. प्रत्येक वाक्याशेजारी एक हिरवी पट्टी असायची. यंत्राचा जितका विश्वास जास्त, तितकी पट्टी लांब. मी त्या ऑफिसवाल्या पोरीला, माझ्या जुन्या विद्यार्थिनीला विचारलं, "हा विश्वास कशावर ठेवतो गं?"

"मॅडम, एकच गोष्ट जितक्या जास्त ठिकाणी वाचायला मिळेल, तितका विश्वास वाढतो."

"आणि लिहिणारा खोटारडा असला तर?"

"सगळेच कसे खोटारडे असतील?"

"आमच्या गल्लीत ये की राहायला," मी म्हटलं.

ती परत हसली. मला काही हसू आलं नाही. वाचणाऱ्यानं आधी विचारायला पाहिजे की हे कुणी लिहिलं, कशापायी लिहिलं, लिहिताना शेजारी कोण बसलं होतं. हा गडी नुसताच वाचत सुटलेला. त्यात मला आणखी एक भय वाटायला लागलं की तो आपलं बोलणंही ऐकत असणार. म्हणून मी ऑफिसात गेल्या गेल्या मोबाईल रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाला ठेवायला लागले. बाकीचे गालात हसायचे. हसू देत.

मग एका मंगळवारी ते वाक्य आलं.

गावाचं आणि शाळेचं नाव मी इथं घालत नाही. गारगोटीच्या पुढं, आमच्या सासरचं गाव आहे एवढं पुरे. वाक्यात म्हटलं होतं की त्या गावच्या शाळेला जागा अमक्या अमक्यांनी दान दिली. ते अमके अमके म्हणजे माझे आजेसासरे. हिरवी पट्टी शेवटापर्यंत लांब. शेजारी लिहिलेलं: पाच ठिकाणी आढळले.

पहिला विचार काय आला सांगू? यानं माझा फोन ऐकला! काल संध्याकाळीच नवरा त्या शाळेबद्दल बोलत होता. जुनी इमारत पाडून नवीन झाली होती, दारात संगमरवरी पाटी बसवायची होती, तिच्यावर जागा देणाऱ्याचं नाव घालायचं ठरलं होतं. आणि आज सकाळी हे वाक्य माझ्याच पुढ्यात यावं? मी पिशवी उघडून मोबाईल बघितला. बंद होता. मी तो अजून खोल, चपातीच्या डब्याखाली घातला.

मग मी ती पाच ठिकाणं उघडली. एक गावाची माहिती देणारं पान, एक तालुक्याची ओळख, एक पर्यटनाचं, एक कुठल्याशा माजी विद्यार्थ्यानं लिहिलेलं, एक जुन्या छापील पुस्तिकेचं. पाचही वाचली. पाचही ठिकाणी एकच वाक्य होतं: 'उदार अंतःकरणाने स्वतःची जागा देऊन त्यांनी गावाला ज्ञानाची कवाडे उघडून दिली.'

वर्गात पाच पोरींची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली, तर मी पाच साक्षीदार मिळाले असं कधी मानलं नाही. चार वह्या बाजूला ठेवायच्या आणि पाचवीला उभं करायचं, ही माझी पद्धत. चौघींनी बघून लिहिलेलं असतं, मूळ लिहिणारी एकच असते. इथं मूळ लिहिणारी कोण, हे शोधायला मला उठावंसुद्धा लागलं नाही. ज्ञानाची कवाडं मीच उघडली होती.

पंधराएक वर्षांपूर्वी त्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिका काढायची ठरली. शाळेचा इतिहास कुणी लिहायचा? घरची सून मराठीची शिक्षिका, मग दुसरं कोण! सासरे बाहेरच्या सोप्यात आरामखुर्चीवर बसले, मी खाली पाटावर वही घेऊन. ते सांगतील ते मी लिहायचं. "जागा आमच्या वडलांनी दिली, असं घाल," ते म्हणाले, आणि मी घातलं. वर आपल्या पदरची कवाडंही जोडली.

माझी सासू तेव्हा हयात होती. कितीतरी वर्षांपूर्वी, मी नवी नवरी असताना, भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं होतं की शाळेची जागा थोरल्या काकूची. थोरली काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलती. तरुणपणीच विधवा झालेली, पदरात एकच मुलगी. चावडीजवळचा तुकडा तिच्या नवऱ्याच्या वाटणीचा. शाळा देवळात भरायची, पावसाळ्यात पोरं भिजायची, म्हणून तिनं तो तुकडा देऊन टाकला. पण बाईमाणसाची सही कोण घेतो? घरातला कर्ता पुरुष म्हणून कागदावर अंगठा उठला तो तिच्या दिराचा, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचा. सासू म्हणाली होती, "ही गोष्ट घरात बोलत न्हाईत हं."

म्हणजे मला माहीत होतं. सासऱ्यांनी फसवलं, असं म्हणायची मला सोय नाही. दूध बोटावर धरून बघणारी मी, त्या दिवशी खाली मान घालून लिहीत गेले. सासरे माझ्या अक्षराचं कौतुक करतात, चार माणसांत 'आमची सून' म्हणतात, याचं मला फार अप्रूप होतं. नंतर स्मरणिका छापणाऱ्यानं ती इंटरनेटवरही चढवली. तिथून कुणी उचलली, त्यावरून आणखी कुणी. आणि आता त्या यंत्रानं वाचून ठेवली होती, हिरव्या पट्टीसकट.

मी कोणतं बटण दाबलं? 'सांगता येत नाही' दाबलं. खरं सांगते, हात पुढंच जाईना.

ती पोर माझ्या मागंच उभी होती. "मॅडम, तुम्ही त्याच गावच्या सून ना? तुम्हाला तर माहीत असणार."

"चूक आहे," मी पुटपुटले.

"मग 'चूक' दाबा की. फक्त एवढंच, की पाच ठिकाणी असलेलं चूक म्हणायचं, तर खरं कुठं लिहिलंय त्याची लिंक द्यावी लागते."

"नेटवर कुठंच नाही लिहिलेलं."

"मग अवघड आहे, मॅडम." ती पुढच्या टेबलाकडं गेली.

घरी आले तर नवरा खुशीत. शाळा समितीच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. पाटीवर आजोबांचं नाव नक्की होत होतं. फक्त मध्ये एक कोलदांडा आला होता. थोरल्या काकूची ती मुलगी, आमची आत्ती, हिनं हुपरीहून निरोप धाडला होता: पाटीवर माझ्या आईचं नाव घाला, जागा तिची हाय. नवऱ्याची ती चुलत आत्या. वय ऐंशीच्या पुढं, शाळेचं तोंड कधी बघितलेलं नाही. तिचं लग्न झालं हुपरीत चांदीकाम करणाऱ्या घरात, आणि अजूनही ती उंबऱ्यात बसून पैंजणाला घुंगरू जोडते.

"मग अध्यक्ष काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते म्हणाले, म्हातारीचा शब्द आन् आपला शब्द कशाला, आम्ही मोबाईललाच विचारलं. त्यो पण तुमच्याच घराचं नाव सांगतोय. आता मोबाईलला काय आपली सोयरीक हाय व्हय?" नवरा खळखळून हसला. "रविवारी बैठक हाय. तिथं ठरलं की पाटी घडवायला जाणार."

मला जेवण गेलं नाही. एकदा दगडावर कोरलं गेलं की संपलं. आत्ती आज आहे, उद्या नाही, आणि ती गेली की तिच्या आईचं नाव घेणारं जगात कुणी उरत नव्हतं. मोबाईल तर काय, विचारील त्याला माझंच खोटं सांगत बसला असता.

आणि मला आठवायला लागला तो स्मरणिका वाटल्याचा दिवस. शाळेच्या आवारात मांडव घातलेला. आत्ती हुपरीहून एसटीनं आलेली, नवं लुगडं नेसून. तिला स्मरणिका मिळाली. तिनं पानं उलटली, पुन्हा उलटली, मग माझ्याकडं आली. "सूनबाई, तू लिवलीस न्हवं? माझ्या आईचं नाव कुठं हाय, दाव की."

सासरे दोन हातांवर खुर्चीत बसलेले. त्यांचे कान आमच्याकडंच. मी पान उघडलं, आजेसासऱ्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा, इथं."

आत्ती त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिली. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बरं." मी घाईघाईनं तिच्यासाठी चहा आणला तर म्हणाली, "नको, आत्ताच झालाय." मला मेलीला वाटलं, सुटले.

गुरुवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि हुपरीची बस धरली. वाटेत मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. काय जुळवलं सांगू? कॉम्प्युटरची चूक झालीय म्हणायचं. कॉम्प्युटर बिचारा काय भांडायला येणार!

आत्ती उंबऱ्यात बसली होती, मांडीवर फडकं, फडक्यावर घुंगरांची रास. तिची सून आत काम करत होती. मी पाया पडले. म्हटलं, "आत्ती, बसा तुम्ही, मी चहा ठेवते."

"नको, आत्ताच झालाय." मग आत तोंड करून सुनेला म्हणाली, "हिला चहा टाक गं."

ही बाई माझ्या हातचा चहा कधीच घेत नाही, असं मला पूर्वीही एकदोनदा वाटून गेलं होतं. मी ते म्हातारपणाच्या खोडीवर टाकलं होतं. तोच विचार परत आला आणि परत गेला.

"आत्ती," मी म्हटलं, "गावात पाटीवरनं घोळ चाललाय. ते कॉम्प्युटर चुकीचं सांगतंय सगळ्यांना."

"त्येला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ते आपलं आपण वाचून शिकतं."

"वाचायला कुणीतरी लिवाय तर पायजे की." तिनं घुंगरू कडीत घातलं, चिमट्यानं दाबलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी विषय बदलला. "तुमच्याकडं काही आहे का? कागद, चिट्ठी, काहीतरी? आईंच्या नावाचं."

ती उठली. आत गेली आणि पितळेची परात घेऊन आली. भली जाड परात, मळून मळून मधे गुळगुळीत झालेली. तिनं ती पालथी केली नाही, काठ माझ्याकडं वळवला. काठावर ठोक्याठोक्यांनी कोरलेली अक्षरं होती. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ना, तशी. आधी थोरल्या काकूचं नाव, आणि पुढं: शाळेस जागा दिल्याबद्दल समस्त गावकऱ्यांकडून.

मी वाचतच राहिले. जाहीर सत्काराऐवजी गावानं तिला ही परात दिली होती, कारण बाईला सत्काराला व्यासपीठावर बोलवायची रीत नव्हती आणि भांडं मात्र घरी पाठवता येत होतं. लेकीच्या लग्नात तिनं ती लेकीला दिली. तेव्हापासून हिच्यात रोज भाकरीचं पीठ मळलं जात होतं. साऱ्या जगाची पानं वाचणाऱ्या त्या यंत्राला या परातीपर्यंत यायला वाटच नव्हती.

"घिऊन जा," आत्ती म्हणाली. तिचा अंगठा त्या ठोक्यांवरनं फिरत होता. "पर माघारी आणून दे. माझ्या भाकरी दुसऱ्या परातीत हुईत न्हाईत."

मी परात जुन्या धोतरात गुंडाळली आणि निघाले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही ते नाहीच.

शनिवारी नवऱ्याला परात दाखवली. त्यानं वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाला, "ठेवून दे ती. गेलेल्या बाबांना गावासमोर खोटं पाडणार व्हय तू?"

"खोटं मी लिहिलंय," मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलं म्हणून."

"हात माझा होता की!"

तो उठून बाहेर गेला. रविवारी मात्र बैठकीला आम्ही एकाच गाडीतून गेलो. परात माझ्या मांडीवर होती. त्याला वाटलं असणार, बायको तोंड उघडणार नाही. एवढी वर्षं कुठं उघडलं होतं?

बैठक नव्या वर्गातच भरली होती. अध्यक्षांनी मोबाईल वर धरून सगळ्यांना ऐकवलं. त्यातून एक गोड बाईचा आवाज आला आणि माझ्या आजेसासऱ्यांचं नाव सांगून गेला. कवाडंसुद्धा आली त्यात. लोकांनी माना हलवल्या. माझंच खोटं माझ्याहून गोड आवाजात कुणीतरी बोलत होतं, आणि ऐकणाऱ्या एकालाही शंका येत नव्हती.

मी उठले. परात टेबलावर ठेवली, धोतर सोडलं. "हे वाचा."

अध्यक्षांनी वाचलं. बाकीचे वाकून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "व्हय की, माझी आजी म्हणायची, जागा एका बाईची हाय म्हणून." अध्यक्ष बुचकळ्यात पडले. "पर वहिनी, नेटवर पाच ठिकाणी दुसरंच हाय. ते समदं खोटं कसं असंल?"

"पाच नाही, एकच आहे," मी म्हटलं. "एकीचं बघून चौघांनी लिहिलंय. आणि ती एक मी आहे. स्मरणिकेत मी लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं, जागा थोरल्या काकूंची आहे."

नवरा उठून बाहेर गेला. मला वाटलं होतं की माझा आवाज कापेल. कापला नाही. तीस वर्षं वर्गात उभं राहायची सवय तेवढी उपयोगी पडली. पाटीवर थोरल्या काकूचं नाव घालायचं ठरलं. परात वर्गात हातोहात फिरून माझ्याकडं परत आली.

सोमवारी ऑफिसात गेले. ते वाक्य पुन्हा काढून घेतलं आणि 'चूक' दाबलं. यंत्रानं लिंक मागितली. आदल्या संध्याकाळी मी बसून एक पान लिहिलं होतं, परातीचा फोटो घातला होता आणि खाली माझं पूर्ण नाव टाकून कबूल केलं होतं की आधीचं खोटं माझं. त्या पोरीकडून ते नेटवर चढवून घेतलं आणि तीच लिंक दिली. ती म्हणाली, "मॅडम, आता हे एक, ते पाच. बघू कुणाचं ऐकतोय." अजून तरी मोबाईलला विचारलं की आजेसासऱ्यांचंच नाव येतं. मी दर चार दिवसांनी विचारून बघते. तो आवाज गोड आहे तसाच गोड आहे, आणि माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.

नवरा आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी चपला घालता घालता म्हणाला, "परात मी देऊन येऊ, का तू जातीस?"

"मीच जाते," मी म्हटलं. एक काम राहिलं होतं.

आत्ती उंबऱ्यातच होती. मी परात तिच्यापुढं ठेवली आणि ठरवल्याप्रमाणे खाली बसले. "आत्ती, पाटीवर आईंचं नाव येतंय. पण कॉम्प्युटरनं चूक केली म्हटलं ना मी, ते खोटं. त्या पुस्तकात मीच नाव घातलं नव्हतं. आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी दुसऱ्याच नावावर बोट ठेवलं."

"ठावं हाय," आत्ती म्हणाली.

मला कळेना. "कसं? तुम्हाला तर वाचता..."

"न्हाय येत. पर आईचं नाव येतंय की." तिनं परात मांडीवर ओढली आणि अंगठा काठावरच्या पहिल्या अक्षरावर ठेवला. "लग्नापास्नं रोज घासतोय ही. ही चार अक्षरं कुठंबी दिसली तरी वळखतो मी. तू बोट ठेवलंस तिथं ती नव्हती. मी समदं पुस्तक धुंडाळलं घरी येऊन. एका पानाव न्हवती."

"मग बोलला का नाही हो, इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? घरची सून, तुला चार माणसांत खोटं पाडू व्हय?" तिनं चिमटा हातात घेतला. "तवापास्नं तुझ्या हातचा च्या घेतला न्हाय मी. तुला वाटलं, म्हातारीचा सारखा आत्ताच च्या झाल्याला असतोय. एवढी हुशार बाई तू, एकदाबी शंका आली न्हाय व्हय तुला?"

मला हुंदका आला. खोटं कशाला बोलू, पदर तोंडात धरून रडले मी, तिच्या उंबऱ्यात, घुंगरांच्या राशीसमोर. तिनं मला गप्प केलं नाही. माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही. घुंगरू जोडत राहिली, चार जोडले, पाच जोडले.

मग चिमटा खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडं हनुवटी केली. "ऊठ. च्या ठेव."

मी ठेवला. कपबशी तिच्या हातात दिली. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली, आणि बशी संपवली.